सहा महिन्यांचे बिऱ्हाड : इरास्मस मुंडुस अभ्यासक्रमाची ओळख

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत सायंकाळी येणारी पदवीची मुले-मुली गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, युरोपात दोन-तीन विद्यापीठांत फिरून एकच एम.ए. करता येते आणि खर्चही तेच देतात, हे खरे का?" खरे आहे. पण हा होकार ऐकून मुले जितकी हरखतात, तितकेच त्यांचे पालक धास्तावतात. दोघांनाही पुरी माहिती नसते, म्हणून हा लेख.

आम्ही स्वतः परदेश पाहिलेला नाही. बँकेत कारकुनी करणारे आम्ही, कला शाखेचे साधे पदवीधर. परंतु याच अभ्यासिकेत वाढलेली, एस.टी.तील वाहकाची एक मुलगी हा अभ्यासक्रम पुरा करून परत आली आहे. तिचे अर्ज आम्ही तिच्याबरोबर बसून भरले आणि पुढे दोन वर्षे तिच्या अडचणी फोनवरून ऐकल्या. तिने नाव छापू नये म्हणून सांगितले आहे, ते आम्ही पाळतो.

एकाहून अधिक देशांत शिकणे ही आपल्याला नवलाईची गोष्ट वाटू नये. परमपूज्य बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये तेथून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नावे घातली. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेश घेतला होता, तो अभ्यास मात्र पुरा होऊ शकला नाही. आपण त्यांच्या पदव्या मोजतो. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले आणि पुन्हा जाण्यासाठी १९२० साल उजाडावे लागले, हे सहसा कोणी बोलत नाही. त्यांची बुद्धी काही कमी पडली नव्हती. पैशाची मुदत संपली होती. पुढे आम्ही जे सांगणार आहोत, ते वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता मूळ विषय. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एक योजना सुरू केली आणि रॉटरडॅमचा विद्वान इरास्मस याचे नाव तिला दिले. ती युरोपातल्या युरोपात होती. २००४ पासून तिची एक शाखा साऱ्या जगाला खुली झाली, ती इरास्मस मुंडुस. मुंडुस म्हणजे लॅटिनमध्ये जग. किमान तीन देशांतील किमान तीन विद्यापीठे एकत्र येऊन एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आखतात. विद्यार्थ्याने त्यांपैकी निदान दोन देशांत प्रत्यक्ष राहून शिकायचे, आणि ते देश त्याच्या स्वतःच्या देशाहून वेगळे हवेत. मुदत एक ते दोन वर्षांची, बहुतेक ठिकाणी दोन.

हे जमते कसे, तर क्रेडिटच्या हिशेबाने. युरोपात एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासाला ६० क्रेडिट धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, त्यात वर्गातला वेळही आला आणि घरी बसून केलेले वाचनही. एका शाखेत भरलेले पैसे दुसऱ्या शाखेच्या खात्यात जसे दिसतात, तसे एका विद्यापीठात मिळवलेले ३० क्रेडिट दुसऱ्या देशातील विद्यापीठ आपल्या खात्यात मांडून घेते. आमच्या धंद्यातली उपमा आहे, पण याहून सोपी आम्हांस सुचली नाही.

विषय नाना प्रकारचे आहेत. अभियांत्रिकी व विज्ञानाचे पुष्कळ, पण कला शाखेच्या मुलांनी निराश व्हायचे कारण नाही. स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचा 'जेम्मा' अभ्यासक्रम चालतो, त्यात इटलीचे बोलोन्या व हॉलंडचे उट्रेख्त विद्यापीठ आहे. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात सारे विद्यार्थी पहिले वर्ष आरहूसला एकत्र काढतात आणि दुसऱ्या वर्षी ज्याच्या त्याच्या विषयाप्रमाणे वेगवेगळ्या शहरांत पांगतात. जर्मनीतील लाइपझिगच्या 'ग्लोबल स्टडीज'च्या सुरुवातीच्या संघात तर व्हिएन्नाच्या जोडीला आपल्या बाबासाहेबांचे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही होते.

शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण-शुल्क व विमा माफ आणि वर दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. २०२१ पूर्वी दरमहा १,००० युरो आणि प्रवासाचे वेगळे पैसे अशी पद्धत होती; आता प्रवास, व्हिसा, राहणे, जेवणे सारे याच रकमेतून भागवायचे. रुपयांत ही रक्कम लाखाच्या वर जाते आणि येथेच घरच्यांची फसगत होते. वाहकसाहेबांनी मुलीला पहिल्याच महिन्यात विचारले, "किती शिल्लक टाकलीस?" तिकडे एका खोलीचे भाडेच ४००-५०० युरो, मोठ्या शहरात त्याहून अधिक. युरोला रुपयाने गुणणे बंद करावे, हा आमचा पालकांना पहिला सल्ला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बहुतेक ठिकाणी तेथे पोहोचून, नाव नोंदवून, बँकेत खाते उघडल्यावर हाती येतो. विमानाचे तिकीट, व्हिसाची फी, खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे हे सारे त्याआधी घरातून जावे लागते. आमच्या अंदाजाने दोन लाखांच्या आसपास रक्कम जवळ हवी. शिष्यवृत्ती मिळूनही या दोन लाखांपायी घरात आठ दिवस चूल धड पेटली नाही, अशी स्थिती आम्ही त्या घरी पाहिली. शेवटी तिच्या आत्याने पोस्टातली ठेव मोडली आणि आपल्या संस्थेच्या काही सभासदांनी हातउसने दिले. तिसऱ्या महिन्यापासून तिने ते फेडायला सुरुवात केली. मग शिल्लक कसली टाकणार?

प्रवेश मिळाला पण शिष्यवृत्ती नाही, असेही पत्र येते. त्या पत्राने हुरळून जाऊ नये. शुल्क हजारो युरोंचे असते आणि शैक्षणिक कर्जावर अभ्यासाच्या काळातही व्याज चढत राहते. हप्ता उशिरा सुरू होतो, व्याज नाही. राहते घर तारण ठेवून असे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. पूर्वी एका वर्षी तीनच अभ्यासक्रमांना अर्ज करता येत असे. ती मर्यादा आता राहिलेली नाही. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा व केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीचा मार्ग आहेच, मात्र त्यांची रचना एका विद्यापीठातील प्रवेश धरून केलेली आहे. संयुक्त पदवी त्यात बसते का, हे त्या त्या वर्षीची जाहिरात वाचून आणि लेखी विचारूनच ठरवावे.

अर्जाला लागते काय? पदवीच्या गुणपत्रिका (शेवटच्या वर्षात असलेल्यांनाही अर्ज करता येतो), इंग्रजीची परीक्षा, दोन शिफारसपत्रे आणि हा विषय मला का शिकायचा हे सांगणारे एक पत्र. आपली तीन वर्षांची पदवी काही अभ्यासक्रमांना चालते, काहींना चालत नाही. ते आधी पाहावे. शिफारसपत्राचा अनुभव मात्र सांगण्यासारखा आहे. ज्या प्राध्यापकांकडे ती गेली, त्यांनी "तूच लिहून आण, मी सही करतो" असे म्हटले. तिने लिहून नेले. त्या चार ओळींत ती हुशार, नम्र व कष्टाळू आहे एवढेच होते. तिकडच्या निवड समितीला हवे असते वेगळे : या विद्यार्थिनीने कोणता निबंध लिहिला, वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोठे अडली आणि कशी सुटली. दुसऱ्या एका बाईंनी दोन संध्याकाळी तिच्याशी बोलून तसे पत्र स्वतः लिहिले. त्या पत्रानेच काम झाले, असे आम्हांस वाटते.

नावाचा घोळ तर आम्ही बँकेत रोज पाहतो. आपल्या शाळेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिने अर्जात गुणपत्रिकेच्या क्रमाने नाव लिहिले आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर वडिलांचे नाव आडनाव होऊन बसले. ते दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले आणि तोवर तिकडच्या बँकेने खाते उघडले नाही. म्हणून पारपत्र हेच प्रमाण मानावे आणि प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा.

तिचे पहिले वर्ष जर्मनीत झाले. तेथे खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी लागते. पत्त्याच्या नोंदीशिवाय पुढचे कागद अडतात, ते अडले की निवासाचा परवाना अडतो. आपल्याकडे रेशनकार्डाला विजेचे बिल आणि विजेच्या बिलाला रेशनकार्ड, तसाच प्रकार. फरक इतकाच की तेथे वेळ ठरवून घेतली तर त्या वेळेला माणूस खिडकीवर असतो.

विद्यार्थी वसतिगृहात एक खोली आपली, स्वयंपाकघर सात-आठ जणांत मिळून. फ्रीजचा एक कप्पा आपल्या वाट्याचा. रविवारी दुकाने बंद, म्हणून शनिवारीच पाव-दूध आणून ठेवायचे. हे न कळल्यामुळे पहिला रविवार तिने प्रवासातून उरलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. वेळापत्रकात दहा वाजता तास लिहिला असेल आणि पुढे 'सी.टी.' ही अक्षरे असतील, तर तो सव्वादहाला सुरू होतो. ती पहिल्या दिवशी रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटे एकटी बसून होती.

वर्गात शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून देत नाहीत. आठवड्याला शंभर-दीडशे पाने वाचून यायचे आणि त्यावर बोलायचे. आपली मुले वाचतात, लिहितात, पण बोलत नाहीत. लहानपणापासून "गप्प बस, मोठ्यांपुढे बोलू नको" ऐकलेले, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत शाळेतही मागच्या बाकाचा अनुभव असतोच. तिला पहिले वाक्य बोलायला पाचवा आठवडा उजाडला. आणखी एक : पुस्तकातील ओळी अवतरणचिन्हाशिवाय उतरवल्या तर ती चोरी ठरते. गाइडमधून उत्तरे पाठ करण्याची आपली सवय तेथे थेट नापास करते.

गुणांची गंमत सांगितलीच पाहिजे. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. पहिल्या परीक्षेत तिला १.३ मिळाले. तिने आनंदाने घरी कळवले आणि वाहकसाहेब त्या रात्री जेवले नाहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले, "साहेब, पोरगी नापास झाली की हो." इटलीत गुण ३० पैकी आणि १८ ला पास, फ्रान्समध्ये २० पैकी आणि १० ला पास, डेन्मार्कमध्ये तर उणे ३ पासून १२ पर्यंत. ही सारी मापे एकमेकांत बसवून शेवटची श्रेणी काढतात. इटलीत परीक्षा बहुधा तोंडी असते, गुण तेथेच सांगतात आणि ते पसंत नसले तर नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येते. आपल्याकडे असे कोणी नाकारील का?

हिवाळ्याचा इशारा आम्ही मुद्दाम देतो. जर्मनीच्या उत्तरेकडे डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. नाताळात वसतिगृह रिकामे होते, युरोपातील मुले घरी जातात. उन्हाळ्यात आपल्यात व त्यांच्यात साडेतीन तासांचे अंतर असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ते साडेचार तासांचे होते. ती रात्री मोकळी होई तेव्हा घरी आई झोपलेली असे. त्या दिवसांत तिने फोन कमी केले आणि घरच्यांना वाटले, मुलगी रमली. ती रमली नव्हती. फेब्रुवारीत तिने विद्यापीठातील समुपदेशकाची वेळ घेतली. ही सोय बहुतेक विद्यापीठांत असते आणि तेथे जाण्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट, जी परदेशाच्या माहितीपत्रकात नसते. त्याच शहरात शिकणाऱ्या काही भारतीय मुलांनी तिला दिवाळीला जेवायला बोलावले. चांगली मुले होती. जेवताना एकाने विचारले, "तुझं पूर्ण नाव काय? गाव कोणतं? घरी कोणते सण करता?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत तिला कळले की हे गावासाठी विचारलेले नाही. तिने सरळ सांगितले, आम्ही बौद्ध आहोत. त्यानंतर कोणी वावगे बोलले नाही, पण पुढचे बोलावणेही आले नाही. १४ एप्रिलला तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली आणि खीर केली. घानाचा एक मुलगा आणि व्हिएतनामची एक मुलगी विचारू लागली, हे कोण? ती दीड तास बोलत होती. पहिल्या सहामाहीत पाच आठवडे तोंड न उघडणारी ही मुलगी! तिच्या प्रबंधाचा विषय त्या रात्री ठरला, असे ती म्हणते.

अशा रीतीने वर्षभरात जरा बूड टेकते, आणि तेवढ्यात बिऱ्हाड उचलायची वेळ येते. आमच्या मते या अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड भाग हाच. अभ्यास जमतो. पण खोली, बँक, डॉक्टर, दुकानातले चार शब्द, जीवाला जीव देणारी दोन माणसे, हे सारे उभे करायला सहा महिने लागतात आणि मग ते सोडून नव्या देशात, नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून. शिकवणे इंग्रजीत असले तरी भाजीवाला जर्मन किंवा इटालियनच बोलतो. वीस-पंचवीस जणांचा वर्गही फुटतो. कोणी पोलंडला जातो, कोणी स्पेनला. तिने कुकर घानाच्या मुलाला दिला, गादीची चादर पुढच्या तुकडीसाठी ठेवली आणि २३ किलोची एक बॅग घेऊन इटलीला गेली. कुकर दिल्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

इटलीत पोहोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांत निवास-परवान्यासाठी पोस्टात अर्ज करावा लागतो. कार्ड यायला महिने लागतात, तोवर पोस्टाची पावती सांभाळायची. पहिल्या देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशात काही काळ शिकता यावे, असा युरोपीय संघाचा २०१६ चा निर्देश आहे, परंतु डेन्मार्क व आयर्लंड त्यात नाहीत आणि इतर देशांतही तो लागू करण्याची रीत सारखी नाही. म्हणून पुढचा देश कोणता हे ठरले की तीन-चार महिने आधी अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला लेखी विचारावे. विचारणे म्हणजे लाचारी नव्हे. त्या माणसाची नेमणूकच त्यासाठी असते. हे तिला पटायला एक वर्ष गेले, दुसऱ्या देशात मात्र तिने पहिल्याच आठवड्यात सारे प्रश्न विचारून घेतले आणि पंधरा दिवसांत तिची गाडी रुळावर आली.

शेवटी पदवी. काही अभ्यासक्रम सर्व विद्यापीठांच्या शिक्क्यांचे एकच प्रमाणपत्र देतात, काही दोन-तीन स्वतंत्र देतात. सोबत कोणत्या विद्यापीठात काय शिकले याचे पुरवणी-पत्र असते. ते जपून ठेवावे, कारण आपल्याकडे प्राध्यापकीला किंवा पीएच.डी.ला अर्ज करताना समकक्षता दाखवावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये यासाठी विनियम काढले आहेत. अर्जापूर्वी ते वाचले असते तर बरे झाले असते, असे ती आता म्हणते; तिचा समकक्षतेचा अर्ज हा लेख लिहिताना विचाराधीन आहे.

बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात आणि वर्ग पुढच्या शरद ऋतूत सुरू होतात. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी दसऱ्यानंतरच्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता अभ्यासिकेत यावे. गुणपत्रिका व पारपत्र बरोबर आणावे. पारपत्र नसेल तर त्याचा अर्ज आजच करावा. ती मुलगीही येणार आहे. पालकांनी, विशेषतः आयांनी, अवश्य यावे. त्यांचे प्रश्न ती आधी घेणार आहे.